मतदारयादीवर बसलेल्या सासूबाई

सूनबाई नगरपरिषदेवर निवडून आली तर आपल्या पदरात काय पडेल, याचा हिशेब सासूबाईंनी अर्ज भरायच्या आदल्या दिवशीच मांडून ठेवला होता. कागदावर नाही. कागदावरचं कोणीतरी वाचतंच, हे टपालखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

जमेला तीन गोष्टी होत्या. पहिली, धाकटी जाऊ. तिचा मुलगा एका बँकेत उपव्यवस्थापक होता, आणि जाऊबाई त्याचा हुद्दा सांगताना त्यातलं 'उप' इतक्या हळू म्हणत, की शेजारी बसलेल्याला वाटावं, घसा साफ करताहेत. नगरसेविका या शब्दातलं काही गिळावं लागत नव्हतं. दुसरी, मागच्या दारचं गटार. त्यावरची फरशी दोन वर्षांपासून फुटलेली होती आणि तक्रारअर्ज लिहून लिहून सासूबाईंचं अक्षर सुधारलं होतं. तिसरी गोष्ट त्यांनी मनातल्या मनातसुद्धा जरा दबक्या आवाजात मांडली. नोकरीत होत्या तोवर सगळी वस्ती त्यांना 'पोस्टातल्या बाई' म्हणे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता त्यांना कोणी काहीच म्हणत नसे. 'नगरसेविकेच्या सासूबाई' हे कानाला काही वाईट लागलं नसतं.

खर्चाच्या बाजूला दोन वेळचा स्वयंपाक होता. तो मुलाच्या नावावर टाकून त्यांनी हिशेब मिटवला.

सूनबाईचा हिशेब मात्र निराळा होता, किंवा नव्हताच. तिचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. दोन मशिनं, एक मोठा आरसा आणि ज्यांची कापडं शिवायला घेतली त्यांच्या मापांच्या वह्या. आठवड्याचे सहा दिवस ती पोटासाठी शिवायची. शनिवारी दुपारी दोन ते सहा मात्र वस्तीच्या हॉलमध्ये एक लांब टेबल मांडून बसायची. ज्याचं जे फाटलं, उसवलं, तुटलं असेल ते त्यानं आणावं. ती फुकट दुरुस्त करून देई. नऊ वर्षं हे चाललं होतं. तापात, थंडीत, नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, असं सासूबाई पहिली चार वर्षं म्हणाल्या. मग त्यांना आपलाच आवाज ऐकून कंटाळा आला.

आता तोच हॉल पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करायची, असं नगरपरिषदेत घाटत होतं. घाटवणारे होते विद्यमान. त्यांचं खरं नाव वस्तीत कोणी घेत नसे. तीन निवडणुका जिंकलेल्या या गृहस्थांच्या प्रत्येक फलकावर आणि बसथांब्याच्या बाकाच्या पाठीवर 'विद्यमान नगरसेवक' असं नावाहून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, म्हणून ते विद्यमान. सूनबाईनं हॉलबद्दल त्यांच्याकडे तीनदा खेटे घातले. तिसऱ्यांदा ते हसून म्हणाले, "वहिनी, एवढा कळवळा आहे तर उभ्या राहा की." सूनबाईला कोणी बाही दोन बोटं आखूड कर म्हटलं तर ती दोन बोटंच आखूड करते, अडीच नाही. ती उभी राहिली.

अर्ज भरल्यावर पहिलं संकट नियमांच्या पुस्तकातून निघालं. उमेदवारानं मतदानापर्यंत आपल्या प्रभागातल्या कोणाही मतदाराला कसलीही वस्तू किंवा सेवा फुकट द्यायची नाही. दिली आणि ती मुद्दाम दिल्याचं ठरलं, तर अर्ज बाद.

"म्हणजे टेबल बंद," मुलगा पोळ्या लाटत म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी आणि पोळीसुद्धा यंत्राचा भाग असल्यासारखी चारी बाजूंनी तपासून तव्यावर टाकी. "पाच शनिवारांचाच प्रश्न आहे ना?"

"पाच शनिवार लोकांच्या चेनी बिघडायच्या थांबणार आहेत का?" सूनबाई म्हणाली.

"अगं, पण निवडणूक हॉलसाठीच लढतेयस ना? पाच आठवडे हॉल रिकामा ठेवायचा आणि मग म्हणायचं, बघा, हा किती लागतो आपल्याला. असं होईल ते."

"तेच म्हणतेय मी," सूनबाई म्हणाली. "रिकामा ठेवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सासू-सून निवडणूक अधिकारीबाईंकडे गेल्या. बाई पन्नाशीच्या, सडपातळ, समोर थर्मास आणि नियमांचं पुस्तक. दोन्ही कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोपणात चहा ओतत सांगितलं, "फुकट शिवून द्यायचं नाही. शिकवायला हरकत नाही, ते प्रचारसभेतल्या भाषणासारखंच धरता येईल. पण कापडाला तुमचा हात लागता कामा नये. सुई, दोरा, बटण ज्याचं त्यानं आणायचं."

"आणि शेजारच्या प्रभागातले आले तर?" सासूबाईंनी विचारलं. "आमच्या टेबलाला अर्धे लोक तिकडचेच असतात."

"ते तुमचे मतदार नाहीत. त्यांचं वाटेल ते शिवा."

बाहेर आल्यावर सूनबाई पायरीवर थांबली. "म्हणजे आई, जे मला मत देऊ शकत नाहीत त्यांचंच काम करायचं. आणि जे देऊ शकतात त्यांच्यासमोर हात बांधून उभं राहायचं."

"याला प्रचार म्हणतात की प्रायश्चित्त?" सासूबाई म्हणाल्या.

"पण कोण कुठल्या प्रभागातलं, हे दारातच कोणीतरी ठरवायला हवं."

सासूबाईंनी पदर नीट केला. "एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?" त्या म्हणाल्या.

त्या होत्या टपालाच्या वर्गीकरणात. भिंतभर लाकडी खण, समोर पत्रांचा ढीग, आणि पत्त्यावर नजर पडायच्या आत पत्र आपल्या खणात. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पत्र चुकीच्या खणात गेलं नव्हतं. हे त्या स्वतः सांगत नसत; दुसऱ्या कोणाला तरी आठवण करून देऊन त्याच्या तोंडून वदवत. खात्यात चुकांची एक वही असे. ज्याच्याकडून चूक होई त्यानं तीत तारीख, पत्ता आणि चूक लिहून खाली पूर्ण सही करायची. शेवटची बारा वर्षं ती वही सासूबाईंच्या ताब्यात होती. नवीन मुली तिला फार भीत. वहीला नाही, बाईंना.

चढाचा रस्ता म्हणजे दोन प्रभागांची सीमा. विषम नंबरांची बाजू आपली, सम नंबरांची पलीकडची. हे सासूबाईंना झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मुलानं उमेदवाराला मिळालेली मतदारयादी आणून दिली. दोन उशांएवढी जाड. "पत्त्यावर जाऊ नकोस आई, नाव बघ यादीत. नाहीतर थांब, मी मोबाइलवर घालून देतो."

"अरे, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी हे रस्ते वाटतेय," सासूबाई म्हणाल्या. "मला यादी दाखवतो."

शनिवारी त्यांनी हॉलच्या दाराशी खुर्ची टाकली. खुर्ची बुटकी होती. यादी तिच्यावर ठेवली, वर चादरीची घडी घातली आणि त्या बसल्या. उंची बरोबर झाली.

पहिल्या शनिवारी चाळीस माणसं आली. सासूबाई पत्ता विचारत आणि बोट दाखवत. सम नंबर टेबलाकडे, विषम नंबर डावीकडच्या बाकावर. टेबलावर सूनबाईची सुई सराईतासारखी चाले. शेजारच्या प्रभागातले लोक आपल्या पिशव्या, पडदे, मुलांची दप्तरं शिवून घेऊन आशीर्वाद देत घरी जात. मत देता येत नव्हतं, म्हणून आशीर्वाद जरा हात सैल सोडून देत. बाकावर मात्र आपल्याच प्रभागातली मंडळी आपापली सुई घेऊन बसत, आणि मधूनमधून सूनबाई त्यांच्यापाशी येऊन दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राही.

"दोरा ओवा. नाही, इकडून नाही. टोक आधी तिरपं कापा."

"तूच ओवून दे ना पोरी," निवृत्त गवंडीकाका म्हणाले. त्यांनी आयुष्यभर भिंती बांधल्या होत्या. पँटची दुमड हे प्रकरण त्यांना नवीन होतं. "सुईला हात लागला तर काय कापडाला लागतो होय?"

"काका, अर्ज बाद होईल माझा."

"बाद झाला तर शिवून देशील?"

"मग देईन."

"मग बाद झालेलं बरं," काका म्हणाले, आणि बाक हसलं. पण त्यांनी दोरा ओवला. त्यांची पहिली तुरपाई मुंग्यांची रांग वाट चुकल्यासारखी गेली. सूनबाईचे पाठीमागचे हात एकमेकांत इतके वळवळत होते, की दारातून बघणाऱ्या सासूबाईंना हसू आवरेना. स्वतःच्या डोळ्यांदेखत कोणी वाकडा टाका घालतंय आणि आपण गप्प राहायचं, ही शिक्षा त्या मुलीला उपवासापेक्षा जड होती.

"काका, टाका लहान. तुम्ही विटा रचताय."

"वीट एका रेषेत असते," काका म्हणाले. "हे कापड हलतं."

दुसऱ्या शनिवारी काकांनी स्वतःहून मुलाचा सदरा आणला. तिसऱ्या शनिवारी ते शेजाऱ्याला दोरा ओवायला शिकवत होते, आणि ते सांगतानाचा त्यांचा तोरा, विचारू नका.

त्याच शनिवारी विद्यमान स्वतः आले. हसतमुख, इस्त्री कडक, मागे दोन माणसं. "आजी, काय चाललंय बघावं म्हटलं."

"पत्ता?" सासूबाई म्हणाल्या.

"माझा पत्ता तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. विषम. डावीकडचं बाक."

"अहो, मला काही शिवायचं नाही."

"मग दारातून जरा बाजूला व्हा. मागे माणसं खोळंबलीत."

मागे खरोखर सहा माणसं होती. विद्यमान बाजूला झाले. ही गोष्ट वस्तीत संध्याकाळपर्यंत पोचली आणि रात्रीपर्यंत जाऊबाईंच्या कानावर गेली. त्यांनी मुद्दाम फोन करून विचारलं, "अगं, तू म्हणे हॉलवर दरवान झालीयस?"

"वर्गीकरण," सासूबाई म्हणाल्या. "माझी खासियत ती." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. खरी गोष्ट अशी, की गेली सहा वर्षं शनिवार कधी येतो आणि कधी जातो हे त्यांना कळत नसे. आता त्या शुक्रवारी साडीला इस्त्री करत.

चूक झाली ती चौथ्या शनिवारी.

शाळेच्या संगीतशिक्षिका आल्या. त्याच हॉलमध्ये त्या बुधवारी मुलांच्या गाण्याचा सराव घेत. लांब कोटाची चेन मधोमध दात वासून उघडी पडली होती. "चढाचा रस्ता, चोवीस नंबर," त्या म्हणाल्या. सम. सासूबाईंचं बोट आपोआप टेबलाकडे गेलं. सूनबाईनं जुनी चेन उसवून नवी घातली. अर्ध्या तासाचं काम, आणि इतकं सफाईदार, की बुधवारच्या सरावाला शिक्षिकांनी ते सगळ्यांना फिरून फिरून दाखवलं. दाखवणाऱ्याला काय माहीत, कोण बघतंय. गाणाऱ्या एका मुलाचे वडील विद्यमानांचे फलक रंगवत.

गुरुवारी सकाळी नोटीस आली. चोवीस नंबरच्या इमारतीतले मतदार आपल्याच प्रभागातले. त्यांतल्या एकीला फुकट सेवा दिली गेल्याची लेखी तक्रार. सुनावणी शुक्रवारी. मतदान रविवारी.

"चोवीस सम आहे," सासूबाई म्हणाल्या. नोटीस त्यांनी दोनदा वाचली. "चोवीस सम आहे रे."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. "आई, ती कोपऱ्यावरची इमारत. चार वर्षांपूर्वी तिथे लिफ्ट बसवली. जिन्याच्या जागी लिफ्ट आली म्हणून दार कोपऱ्यावरून बाजूच्या गल्लीत काढलं. ती गल्ली आपल्या प्रभागात मोडते, म्हणून मतदारही आपल्याकडे आले. नंबराची पाटी तेवढी जुनीच राहिली."

"तुला कसं माहीत?"

"ती लिफ्ट मीच बसवलीय."

यादी बघितली असती तर नाव सापडलं असतं, आणि यादी कुठे होती हे तिघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी संगीतशिक्षिका तो कोट घेऊन धावतपळत आल्या. रडवेल्या झाल्या होत्या. "माझ्यामुळे झालं हे. पण मी विचार केलाय. मी कामाचे पैसे दिले होते, असं सांगते. तुम्ही मागची तारीख घालून एक पावती लिहून द्या. फुकट दिलंच नाही म्हटल्यावर तक्रार कसली? दोन मिनिटांत संपेल."

खरंच संपलं असतं. मुलानं मान हलवली. त्याला हे पटल्यासारखं दिसलं. शिक्षिकांनी पर्समधून पेनही काढलं.

सूनबाई कोटाची चेन वरखाली करून बघत होती. चांगली चालत होती. "दारावर आई होत्या," ती म्हणाली. "आई, तुम्ही म्हणाल तसं."

"मी काय म्हणणार? उमेदवार तू आहेस."

"वर्गीकरण तुमचं आहे."

हे टोचून म्हणालेलं नव्हतं. तसं असतं तर सासूबाईंना सोपं गेलं असतं. टोमण्याला टोमण्यानं उत्तर देता येतं. सूनबाईनं फक्त खातं ज्याचं त्याच्या हातात दिलं होतं.

सासूबाईंना चुकांची वही आठवली. खणात चुकून आलेलं पत्र सापडलं, की दोन प्रकारच्या मुली दिसत. एक ते पत्र दुसऱ्या दिवशीच्या टपालात गुपचूप सरकवून देई. ते पोचे, कोणाचं काही बिघडत नसे. दुसरी उठून यायची, वही मागायची आणि सही करायची. कान लाल व्हायचे. पहिलीला पकडलं तर सासूबाई तिला सगळ्यांसमोर उभी करत. बारा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. स्वतःचं नाव त्या वहीत कसं दिसेल, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

"पेन ठेवा बाई पर्समध्ये," त्या शिक्षिकांना म्हणाल्या. "उद्या मी येते. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"आई, आपण मुद्दाम केलं असं त्यांनी ठरवलं तर अर्ज जाईल," मुलगा म्हणाला.

"जाईल," सासूबाई म्हणाल्या. मग सूनबाईकडे बघून, "चालेल ना?"

सूनबाईनं कोट घडी घालून टेबलावर ठेवला. "नाही चालणार," ती म्हणाली. "पण खोट्या पावतीवर निवडून आलेलं त्याहून नाही चालणार. तुम्ही बोला."

शुक्रवारी अधिकारीबाईंच्या खोलीत विद्यमान आपल्या वकिलासह बसले होते. वकिलानं सांगितलं, की ही चूक नव्हे, शिस्तीत चालवलेली योजना आहे. दारावर माणूस बसवला होता म्हणजे बघा. अधिकारीबाईंनी सूनबाईकडे बघितलं, पण उठल्या सासूबाई.

"चूक माझी आहे. मी पत्त्यावर गेले. तो पत्ता चार वर्षांपूर्वी बदलला, आणि मला तो जुनाच माहीत होता."

"तुमच्याकडे यादी नव्हती?"

"होती."

"मग बघितली का नाही?"

सासूबाईंनी एक श्वास घेतला. "मी तिच्यावर बसले होते."

कारकुनाचं लिहिणं थांबलं. "म्हणजे?"

"खुर्ची बुटकी होती. यादी जाड होती. मला वाटलं, मला तिची दुसरी काही गरज नाही." वकील हसला, विद्यमान हसले, आणि सासूबाईंनी दोघांचं हसणं पुरतं संपू दिलं. "एकतीस वर्षं टपाल खणांत लावलंय मी. एक चूक झाली नव्हती. त्या घमेंडीत ही झाली. सुनेला ठाऊक नव्हतं. ती दारावर नव्हती, ती सुईवर होती. मी पाठवेन त्याचं ती शिवत होती. पावती करून देता आली असती, तसं एकीनं सुचवलंही. ते आम्ही केलं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी सांगायचं ठरवलं नव्हतं. ते सांगितलं गेल्यावर वकिलाचं हसू जरा आटलं, कारण त्याला कळलं, की ही बाई आता काहीही खरं सांगू शकते.

अधिकारीबाईंनी पुस्तकाची बरीच पानं उलटली. चहा ओतला, प्यायला नाही. मग म्हणाल्या, "फायदा चुकून दिला गेला असेल आणि मतदानाआधी तो परत घेतला, तर अर्ज बाद करायचं कारण नाही. चेन काढा. माझा कारकून समोर हजर राहील. आणि चूक कोणाची, कशी झाली, हे लिहून, सही करून हॉलच्या दारावर लावा. मतमोजणीपर्यंत."

"काढायची म्हणजे?" विद्यमान म्हणाले. "चांगली चेन उसवायची?"

"तक्रार तुमचीच आहे," अधिकारीबाई म्हणाल्या.

शेवटच्या शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही प्रभागांतले लोक आले होते. त्यांतल्या निम्म्यांचं काही फाटलेलं नव्हतं. दारावर कागद होता. सासूबाईंचं अक्षर, सुधारलेलं. 'दि. अमुक रोजी चढाचा रस्ता, क्र. २४ हा पत्ता मी चुकीच्या बाजूला पाठवला. मतदारयादी जवळ असून पाहिली नाही.' खाली पूर्ण सही. येणारा प्रत्येक जण तो वाचून आत येत होता, आणि सासूबाई त्याच दाराशी, त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. यादी आता मांडीवर होती. बूड दोन बोटं खाली गेलं होतं. मान नव्हती गेली.

कारकुनासमोर सूनबाईनं कातरीचं टोक घेऊन स्वतःची शिवण उसवली. एक एक टाका, कोटाला ओरखडा न येता. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग ती उठली, चार पावलं मागे सरली आणि हात पाठीमागे बांधले. संगीतशिक्षिका बाकावर बसल्या. चेन, दोरा, सुई त्यांनी स्वतः विकत आणली होती.

"आधी टाचून घ्या. टाचण्या आडव्या. हो, तशा. आता वरून सुरू करा."

शिक्षिकांची बोटं पेटीवर पाण्यासारखी चालत. सुईवर ती दगडासारखी पडली. तीनदा टोचलं. एकदा बाहीच शिवली गेली. गवंडीकाका शेजारी बसून म्हणाले, "बाई, टाका लहान. विटा रचू नका." चार वाजता सुरू केलेली चेन पावणेसहाला लागली. वाकडी होती, मधे एक फुगवटा होता, पण शिक्षिकांनी ती गळ्यापर्यंत ओढली तेव्हा ती अडली नाही. हॉलभर टाळ्या झाल्या. सूनबाईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला हात सोडायची भीती वाटत होती.

सासूबाईंनी दारातून ते बघितलं. खात्यात असताना त्यांना कधीकधी वाटे, की हजारो पत्रं आपल्या हातून जातात आणि एकही आपल्याला आलेलं नसतं. त्या क्षणी त्यांना उगीचच वाटलं, की हे आपल्याला आलेलं आहे. आपली सून ती. चार पावलांवर, हात बांधून, ताठ.

सोमवारी मोजणी झाली. सूनबाई सव्वीस मतांनी आली.

आता कोणी किंमत म्हणून काय भरलं ते बघू. शेजारच्या प्रभागानं पाच शनिवारांत एकशे तीस वस्तू दुरुस्त करून नेल्या आणि एक मतही दिलं नाही. त्यांच्याकडून काही येणं नव्हतंच. विद्यमानांनी खुर्ची भरली, आणि वकिलाची फी. आपल्या प्रभागातल्या बाकानं टोचलेली बोटं भरली. काहींनी नंतरही सुईचा डबा घरी ठेवला, म्हणून ते भरणं की मिळणं हे ठरवता येत नाही. संगीतशिक्षिकांनी एक चांगली शिवण भरली. निवडणुकीनंतर सूनबाईनं चेन नीट लावून देते म्हटलं, तर त्यांनी कोट छातीशी धरला आणि नाही म्हणाल्या. मुलानं पाच आठवड्यांचा स्वयंपाक भरला, त्यात करपलेल्या पोळ्या वेगळ्या. सूनबाईनं आवाज भरला. हातांचं काम तोंडानं केल्यामुळे तो असा बसला होता, की विजयाचं भाषण तिनं चार वाक्यांत उरकलं, आणि लोकांना ते फार आवडलं.

उरल्या सासूबाई. एकतीस वर्षांचा कोरा कागद त्यांनी एका चेनीपायी दारावर चिकटवला. शाईनं, पूर्ण सही करून. एवढी मोठी रक्कम त्या निवडणुकीत दुसऱ्या कोणी भरली नाही. तरीही सोमवारी संध्याकाळी जेवायला सगळ्यांत ताठ मानेनं कोण बसलं होतं, हे मुलाला विचारा. वाढायला तोच होता.